दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं, मग सात टक्क्यांचं विधेयक मेलं कुठे?

पाथरवट

प्रश्न सरळ आहे, उत्तर मात्र कुठे सरळ सापडत नाही.

अमेरिकेत नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांना प्रत्येक देशामागे सात टक्क्यांची मर्यादा आहे. ती उठवणारं विधेयक, एच.आर. १०४४, हाउसने (तिथलं खालचं सभागृह) १० जुलै २०१९ रोजी ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर केलं. २ डिसेंबर २०२० ला सिनेटनेही (वरचं सभागृह) आपलं रूप (लोक ज्याला एस. ३८६ म्हणतात ते) मंजूर केलं, तेही एकाही विरोधी मताशिवाय. पुढे? राष्ट्राध्यक्षांची सही नाही, व्हेटो (नकाराधिकार) नाही, कोर्ट नाही. ३ जानेवारी २०२१ ला विषय संपला.

आपल्याकडे लोकसभा आणि राज्यसभा हो म्हणाल्या की राष्ट्रपतींची सही तेवढी उरते. इथे 'हो' आणि 'हो' मिळून 'नाही' कसं झालं? पक्षांची उणीदुणी नकोत. यंत्रणा कशी चालते तेवढं सांगा.

तिरकस

लग्नाच्या बोलणीत नेहमी होतं की हो हे. मुलीकडचे हो म्हणतात, मुलाकडचे हो म्हणतात, आणि याद्या करायला बसले की दोघांच्या याद्या वेगळ्या निघतात.

कलमदान

तिरकस यांनी थट्टेत नेमकं दुखणं सांगितलं. याद्याच जुळल्या नाहीत.

अमेरिकी घटनेच्या पहिल्या कलमाचा सातवा विभाग बघा. दोन्ही सभागृहांनी मंजूर करायचं म्हणजे एकच मजकूर, शब्दाला शब्द, आणि तोही त्याच काँग्रेसच्या (म्हणजे तिथल्या संसदेच्या) दोन वर्षांच्या मुदतीत. विषय तोच, नाव तेच, हेतू तोच, एवढ्याने भागत नाही. हाउसच्या मसुद्यात जुन्या पद्धतीतून नव्या पद्धतीत जायला तीन वर्षं होती, सिनेटने नऊ केली. चिनी लष्कराशी किंवा कम्युनिस्ट पक्षाशी संबंध असलेल्यांना वगळणारा भाग घातला. एच-१बी या कामाच्या व्हिसाच्या नियमांतही भर टाकली. त्यामुळे सिनेटचा २ डिसेंबरचा होकार म्हणजे हाउसला धाडलेला नवा प्रस्ताव होता, एवढंच.

आता हाउसपुढे तीन वाटा होत्या. सिनेटचा मजकूर जसाच्या तसा स्वीकारायचा. त्यात बदल करून परत पाठवायचा (याला तिकडे पिंगपाँगच म्हणतात). किंवा दोन्हीकडचे सदस्य घेऊन संयुक्त समिती बसवायची. हाउसने तिन्हींपैकी काहीच केलं नाही.

मजकूर एक झाला असता तर तो चर्मपत्री कागदावर छापला गेला असता, त्यावर स्पीकर आणि सिनेटच्या पीठासीन अधिकाऱ्याच्या सह्या झाल्या असत्या आणि मग तो व्हाइट हाउसला गेला असता. हा कागद कधी तयारच झाला नाही. कागदच नाही तर राष्ट्राध्यक्ष सही कशावर करणार?

भोवरा

पटलं नाही. सिनेट एकमताने हो म्हणते म्हणजे शंभरच्या शंभर पाठीशी. एवढं पाठबळ असलेला मजकूर हाउसने बाजूला टाकला, तर खोट हाउसची. यात यंत्रणेचा काय दोष?

नाना न्यूजर्सीकर

भोवरा, 'एकमत' या शब्दाने गंडू नका. तिथे मतदानच झालेलं नसतं.

सिनेटमध्ये एकमताची संमती मागायची रीत अशी. आधी दोन्ही पक्षांच्या कक्षांतून सगळ्या सिनेटरांच्या कार्यालयांना निरोप जातो की अमुक विधेयक चर्चेविना पुढे न्यायचं आहे, कुणाची हरकत? याला 'हॉटलाइन' म्हणतात. कुणी काही बोललं नाही, तर एक सिनेटर सभागृहात उभा राहतो आणि वाचून दाखवतो. पीठासीन अधिकारी विचारतो, 'हरकत आहे?' दोन क्षण शांतता. 'हरकत नाही, तसं ठरलं.' सभागृहात तेव्हा चारपाच जण असतात. उरलेल्यांनी पाठिंबा दिलेला नसतो, त्यांनी फक्त अडवलेलं नसतं.

उलट एकाने जरी 'आय ऑब्जेक्ट' म्हटलं की गाडी तिथेच थांबते. या विधेयकाचं दीड वर्ष असंच गेलं. विधेयक पुढे रेटणारे सिनेटर माइक ली संमती मागायचे आणि दर वेळी कुणीतरी उभा राहायचा. रँड पॉल यांना परिचारिकांसाठी जागा राखून हव्या होत्या, डरबिन यांना एकूण ग्रीन कार्डंच वाढवून हवी होती, रिक स्कॉट यांचे आणखी वेगळे आक्षेप. प्रत्येकाची हरकत काढायला एकेक कलम घातलं गेलं. मसुदा हाउसच्या मसुद्यापासून लांब गेला तो याच पायी. सिनेटमधून सुटण्यासाठी जे जे घातलं, तेच हाउसमध्ये नडलं.

शेवंती

एका माणसाच्या हरकतीने अडतं? मग बहुमत कशाला असतं तिथे? सरळ मतदान घ्यायचं ना.

कलमदान

शेवंतीताई, घेता येतं. पण किती वेळ जातो ते बघा.

सिनेटमध्ये चर्चा आपणहून संपत नाही. ती संपवायला नियम २२ खाली 'क्लोचर' लागतो. १६ सिनेटरांच्या सह्यांचा अर्ज सोमवारी दिला, तर मधला एक दिवस सोडून बुधवारी त्यावर मतदान. साठ मतं पाहिजेत, हजर कितीही असोत. साठ मिळाली तरी पुढे तीस तासांपर्यंत चर्चा चालू ठेवता येते, म्हणजे गुरुवार-शुक्रवार गेले. आणि हे सगळं 'विधेयक चर्चेला घ्यावं का' एवढ्याच प्रस्तावासाठी! चर्चेला घेतल्यावर खुद्द विधेयकासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा मधला दिवस, पुन्हा साठ, पुन्हा तीस तास. मध्ये दुरुस्ती आली तर तिचा हिशेब वेगळा.

एका हट्टी सिनेटरापायी एका विधेयकाला दीडेक आठवडा लागू शकतो. तेवढ्या वेळात बहुमताचा नेता कितीतरी न्यायाधीशांच्या नेमणुका उरकतो, कारण नेमणुकांना २०१३ पासून (सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ पासून) साधं बहुमत पुरतं. त्यामुळे आठवडाभर सभागृह अडवून ठेवण्याइतकं हे विधेयक मोठं आहे का, एवढंच तो बघतो. बहुतेकांच्या बाबतीत उत्तर नाही असंच येतं.

१९१७ मध्ये हा नियम आला तेव्हा दोन तृतीयांश मतं लागायची. १९७५ मध्ये तीन पंचमांश झाली.

तिरकस

म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेत 'सर्वानुमते मंजूर' लिहितात तसं. विरोध करणारे चहाला गेलेले असताना.

मधुरा_७८

+१ तिरकस.

पण हाउसचं काय? तिथे ४३५ जण, दोन-दोन वर्षांची मुदत, तरी ३६५ मतं पडली.

नाना न्यूजर्सीकर

हाउस हे बहुमताचं यंत्र आहे. तिथे रूल्स कमिटी ठरवते की किती तास चर्चा, कोणत्या दुरुस्त्या चालतील. ती कमिटी स्पीकरच्या मुठीत. फारसा वाद नसलेल्या गोष्टींसाठी आणखी जवळची वाट आहे, 'नियम स्थगित करून मंजुरी'. चाळीस मिनिटं चर्चा, दुरुस्ती नाही, पण हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश हवेत. १०४४ याच वाटेने गेलं. ४३० मतांत २८७ लागत होती, ३६५ पडली.

नेतृत्वाला एखादं विधेयक नको असेल तर त्याला वळसा घालायला एकच मोठं हत्यार, डिस्चार्ज पिटिशन. २१८ सदस्यांच्या सह्या. स्वपक्षाच्या स्पीकरविरुद्ध सही करायला धाडस लागतं, त्यामुळे २१४-२१५ वर अडकणं नित्याचं.

खडूस आजोबा

सगळे कायदेमंडळाचंच पुराण सांगताय. राष्ट्राध्यक्ष एवढे आदेश काढतात. एका आदेशाने सात टक्के उडवता आले नसते का? रोज उठून काहीतरी सही करतानाचा फोटो असतो पेपरात.

भोवरा

आजोबांशी सहमत. एच-४ ईएडी (एच-१बीवाल्यांच्या जोडीदारांना कामाची परवानगी) ओबामांनीच दिलं ना? ते काँग्रेसने कुठे दिलं?

कलमदान

दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सात टक्के हा आकडा कायद्याच्या मजकुरातच छापलेला आहे. वर्षाला १,४०,००० ग्रीन कार्डंही तिथेच. काँग्रेसने आकडा लिहिला की राष्ट्राध्यक्षांचा आदेश तो खोडू शकत नाही. एच-४ वाल्यांनी काम करावं की नाही यावर कायदा गप्प होता आणि कामाची परवानगी कुणाला द्यायची हे खात्यावर सोपवलेलं होतं. म्हणून नियम करता आला. पण तोही एका सहीचा खेळ नव्हता. मे २०१४ मध्ये प्रस्तावित नियम फेडरल रजिस्टरमध्ये (तिथलं सरकारी राजपत्र) छापला, लोकांच्या हरकती मागवल्या, त्यांना लेखी उत्तरं दिली, फेब्रुवारी २०१५ मध्ये अंतिम नियम आला आणि २६ मे २०१५ पासून लागू झाला. एक वर्ष.

तो रद्द करायलाही तेवढीच पायपीट. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत रद्द करायचा प्रस्ताव व्हाइट हाउसच्या तपासणी कार्यालयात २०१९ मध्ये गेला, छापून काही आला नाही, आणि जानेवारी २०२१ मध्ये मागे घेतला गेला.

आता गंमत बघा. परक्या नागरिकांचा प्रवेश रोखायचा अधिकार काँग्रेसने कायद्याच्या कलम २१२(एफ) मध्ये राष्ट्राध्यक्षांना भरभरून दिलाय. सप्टेंबर २०२५ मधली एच-१बीच्या नव्या अर्जांवरची एक लाख डॉलरची अट याच कलमाच्या आधाराने, एका उद्घोषणेतून आली. ग्रीन कार्डांची संख्या वाढवायचा अधिकार मात्र दिलेला नाही. दार लावायची किल्ली त्यांच्याकडे, दार रुंद करायची नाही.

शेवंती

सात टक्के म्हणजे प्रत्यक्षात किती?

पाथरवट

हे मला सांगता येईल. १,४०,००० पैकी ईबी-२ चा (उच्चशिक्षितांची श्रेणी) वाटा २८.६ टक्के, म्हणजे ४०,०४०. त्याचे सात टक्के २,८०३. यात नवरा-बायको आणि मुलंही मोजली जातात. चार जणांचं कुटुंब असेल तर चार आकडे खर्ची. २,८०३ म्हणजे वर्षाला धड हजार अर्जदारही नाहीत.

नाना न्यूजर्सीकर

छोटी दुरुस्ती. २,८०३ हा तळाचा आकडा. इतर देशांनी न वापरलेले नंबर त्याच श्रेणीत सर्वांत जुन्या तारखेच्या अर्जदाराला जातात, म्हणून काही वर्षी भारताला बरेच जास्त मिळतात. रांग भयंकर आहेच, पण 'दरवर्षी २,८०३ च' हे व्हॉट्सॲपी गणित.

आणि इथे कार्यकारी शाखेचा खरा वाटा दिसतो. काँग्रेस नंबर देते, खात्याला ते सप्टेंबरअखेर वापरून संपवावे लागतात. २०२१ च्या आर्थिक वर्षात करोनामुळे कुटुंब-श्रेणीतले उरलेले नंबर इकडे वळले आणि नोकरीच्या श्रेणीत १,४०,००० ऐवजी सुमारे २,६२,००० उपलब्ध झाले. कायदा न बदलता जवळजवळ दुप्पट! आणि ३० सप्टेंबरला त्यातले साठ हजारांहून अधिक वाया गेले. मुलाखती, बोटांचे ठसे, वैद्यकीय तपासणीचे कागद, सगळं एकाच वर्षात उरकायची यंत्रणेची ताकदच नव्हती.

वाया गेलेले पुढच्या वर्षी मिळतात का? कागदोपत्री ते कुटुंब-श्रेणीच्या सूत्रात मिळवले जातात. पण त्या सूत्रातून जवळचे नातेवाईक वजा होतात. त्यांची संख्या इतकी मोठी असते की बेरीज-वजाबाकी करून उत्तर २,२६,००० या किमान मर्यादेच्या खालीच येतं, आणि मग २,२६,००० च धरतात. मिळवलेले नंबर हिशेबात विरघळतात.

मधुरा_७८

हे भारी आहे. राग येण्यासारखं भारी.

मग असे वाया गेलेले नंबर परत मिळवण्याचा प्रयत्न कुणी केला नाही?

कलमदान

केला. २०२१ मध्ये 'बिल्ड बॅक बेटर' या बायडन यांच्या मोठ्या खर्च-विधेयकात ती तरतूद होती, हाउसने नोव्हेंबरमध्ये २२० विरुद्ध २१३ ने मंजूरही केलं. ते 'रिकन्सिलिएशन'च्या (अर्थसंकल्पी विधेयकांची खास पद्धत) वाटेने चाललं होतं, कारण त्या वाटेवर सिनेटमध्ये साठ मतं लागत नाहीत, ५१ पुरतात. पण तिथे 'बर्ड रूल' आडवा येतो. तरतुदीचा अर्थसंकल्पावरचा परिणाम हा मुख्य हेतू हवा, ओझरता नको. ते ठरवण्याचा सल्ला सिनेटच्या पार्लमेंटेरियन देतात. त्या पक्षाच्या नसतात, निवडून आलेल्या नसतात, आणि इमिग्रेशनचे तीन वेगवेगळे प्रस्ताव त्यांनी त्या सप्टेंबर ते डिसेंबरात एकामागून एक बाहेर काढले. विधेयकच पुढे बारगळलं ते वेगळ्या कारणाने.

खडूस आजोबा

म्हणजे शंभर सिनेटर एका नियमावलीवाल्या बाईंना भितात. बरं वाटलं.

शेवंती

अवांतर: दोन्हीकडचा मजकूर तंतोतंत एक हवा म्हणता, पण कधी चुकून वेगळा गेलाय का?

कलमदान

गेलाय की, आणि तोही कायदा झाला! २००६ मध्ये सही झालेला डेफिसिट रिडक्शन ॲक्ट. मेडिकेअरमध्ये (वृद्धांचा सरकारी आरोग्यविमा) घरी वापरायच्या काही वैद्यकीय उपकरणांच्या भाड्याचा एक आकडा होता. सिनेटने मंजूर केले होते १३ महिने. हाउसकडे पाठवताना कारकुनाने ३६ टाकले. हाउसने १ फेब्रुवारीला ३६ वाल्या प्रतीवर मत दिलं, २१६ विरुद्ध २१४. मग कुणाच्या तरी लक्षात आलं आणि अंतिम प्रतीत गुपचूप पुन्हा १३ केलं. बुश यांनी सही केली. म्हणजे सही झालेला मजकूर हाउसने कधी मंजूरच केलेला नव्हता.

लोक कोर्टात गेले. कोर्टांनी १८९२ च्या मार्शल फील्ड खटल्याचा आधार घेतला. दोन्ही पीठासीन अधिकाऱ्यांच्या सह्या असलेली प्रत हीच पुरावा, तिच्या मागे आम्ही बघणार नाही. कायदा टिकला.

तिरकस

सातबाऱ्यावर तलाठ्याने चुकवलेला आकडा आणि हा, सख्खे भाऊ.

भोवरा

माघार घेतो, एकमताबद्दल नाना बरोबर. पण मुदतीचं मला अजून विचित्र वाटतं. दोन वर्षं संपली की विधेयक मरतं? आपल्याकडे राज्यसभेतलं टिकतं.

मधुरा_७८

राज्यसभेत मांडलेलं आणि लोकसभेने अजून मंजूर न केलेलं, ते राज्यसभेत प्रलंबित असेपर्यंत टिकतं. लोकसभेत पोचून अडकलं तर लोकसभेबरोबर जातं. महिला आरक्षण विधेयक आठवा. राज्यसभेने ९ मार्च २०१० ला मंजूर केलं, २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर व्यपगत, आणि २०२३ मध्ये नव्याने आणावं लागलं. फरक एवढाच की साध्या विधेयकावर सभागृहं अडली तर आपल्याकडे अनुच्छेद १०८ खाली संयुक्त बैठक आहे (घटनादुरुस्तीला नाही). अमेरिकेत ती सोयच नाही.

शेवंती

आणखी एक अवांतर, मग मूळ मुद्द्यावर या. शटडाउनमध्ये (खर्चाला मंजुरी नाही म्हणून सरकारी कामं थांबतात तेव्हा) काही इमिग्रेशन चालू आणि काही बंद, असं का?

नाना न्यूजर्सीकर

पैसा कुठून येतो त्यावर. यूएससीआयएस (इमिग्रेशनचे अर्ज तपासणारं कार्यालय) मुख्यतः अर्जांच्या फीवर चालतं, त्यामुळे ते चालू. एच-१बीच्या आधी लागणारं एलसीए (पगार आणि कामाच्या अटींचं प्रमाणपत्र) मात्र श्रम खातं देतं आणि ते काँग्रेसच्या वार्षिक मंजुरीवर. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते थांबलं. पण २०१८-१९ च्या ३५ दिवसांच्या शटडाउनमध्ये एलसीए चालू होतं, कारण तेव्हा बारापैकी पाच खर्च-विधेयकं आधीच मंजूर होती आणि श्रम खातं त्यांत होतं. कुणाची फाइल अडली हे कळायला बारांपैकी कोणतं अडलंय ते आधी बघायचं.

पाथरवट

मूळ मुद्द्यावर येतो. समजा हाउसने डिसेंबर २०२० मध्ये सिनेटचा मजकूर घ्यायचा ठरवला असता. वेळ होता का?

कलमदान

होता, पण बेताचा. राष्ट्राध्यक्षांकडे कागद पोचल्यावर रविवार सोडून दहा दिवस. तेवढ्यात सही नाही, व्हेटो नाही, आणि काँग्रेस चालू असेल तर आपोआप कायदा. काँग्रेस संपली असेल तर आपोआप रद्द, तोच 'पॉकेट व्हेटो', आणि तो उलटवता येत नाही. ३ जानेवारीला दुपारी काँग्रेस संपणार होती. कागद २१ डिसेंबरला पोचला असता तर दहा दिवस १ जानेवारीला भरले असते. त्यामुळे हाउसला मोकळे जेमतेम अडीच आठवडे.

त्याच महिन्यात संरक्षण विधेयकाने हीच शर्यत लावून दाखवली. सिनेटने ते ११ डिसेंबरला मंजूर केलं, ट्रम्प यांनी मुदतीच्या अगदी शेवटच्या दिवशी, २३ तारखेला व्हेटो केला, हाउसने २८ ला ३२२-८७ आणि सिनेटने १ जानेवारीला ८१-१३ ने व्हेटो उलटवला. ते विधेयक १९६१ पासून दरवर्षी मंजूर होतं, कुणी सोडत नाही. २७ डिसेंबरला सही झालेलं खर्चाचं विधेयक ५,५९३ पानांचं होतं. या दोन भरलेल्या एसटीपैकी एकीत चढायला मिळालं असतं तर सात टक्के तेव्हाच गेले असते. जागा मिळाली नाही.

भोवरा

आणि पुढच्या काँग्रेसमध्ये?

नाना न्यूजर्सीकर

नवा नंबर, नवं नाव, पुन्हा पहिल्या पायरीपासून. ईगल ॲक्ट, एच.आर. ३६४८. डिसेंबर २०२२ मध्ये हाउसमध्ये मतदानाला येणार होतं, पुरेशी मतं नाहीत म्हणून मागे घेतलं. पुन्हा डिसेंबरच.

म्हणून बातमीत 'ऐतिहासिक विधेयक मांडलं' वाचलं की काँग्रेसच्या संकेतस्थळावर तो नंबर टाकून तीन गोष्टी बघा. समितीतून बाहेर आलंय का, दुसऱ्या सभागृहात त्याच मजकुराचं जोडविधेयक आहे का, आणि तारीख कोणती आहे. सहप्रायोजकांची यादी कितीही लांब असो, तिच्यावर पेढे वाटू नका.

तिरकस

थोडक्यात, आधी याद्या, मग पेढे.